काचेवरचा न हलणारा ठिपका: छोट्या विमानात हवेतली टक्कर कशी टाळावी

हवेतल्या टकरीचा विषय निघाला की बहुतेक पायलटांच्या डोळ्यांसमोर ढग, धुकं, रात्र असलं काहीतरी येतं. प्रत्यक्षात छोट्या विमानांच्या बहुतेक टकरी भर दिवसा, स्वच्छ हवेत, विमानतळाच्या आसपास आणि कमी उंचीवर होतात. चांगल्या हवेतच सगळे उडायला निघतात आणि शेवटी सगळ्यांना त्याच रनवेवर यायचं असतं. समोरासमोरच्या धडकेपेक्षा मागून, वरून किंवा तिरकं येऊन गाठल्याचे प्रकार जास्त.

"बाहेर बघत राहा" हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतो तो क्रम. डोळे ही शेवटची फळी आहे. तिच्या आधीच्या फळ्या आपण मोकळ्या सोडतो आणि सगळा भार डोळ्यांवर टाकतो.

## आधी साडेबारा सेकंदांचा हिशेब

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा, म्हणजे एफएएचा, एक हिशेब आहे. वस्तू डोळ्याला दिसायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, आपण टकरीच्या मार्गावर आहोत हे ध्यानात यायला ५, कुठे वळायचं ते ठरवायला ४, हातपाय हलायला ०.४ आणि विमानाला प्रत्यक्ष मार्ग बदलायला २. बेरीज १२.५ सेकंद.

दोन विमानं प्रत्येकी १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) समोरासमोर येत असतील तर दर सेकंदाला १०३ मीटर अंतर तुटतं. म्हणजे १२.५ सेकंदांत जवळजवळ १.३ किलोमीटर. इतक्या अंतरावरून सेसना १७२ या चार आसनी विमानाचे ११ मीटरचे पंख साधारण चंद्राच्या रुंदीएवढे दिसतात. पण चंद्र भरलेला असतो. इथे आडवी बारीक रेघ आणि मधोमध इवलंसं धड, एवढंच. आणि ते या क्षणी दिसलं तर जेमतेम वेळ पुरतो. ते याच्या आधी दिसायला हवं, म्हणजे याहून लहान असताना.

त्या बेरजेतले ५ आणि ४ हे दोन आकडे तेवढे आपल्या हातात आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या नऊ सेकंदांतून जमेल तेवढं कापण्यासाठी आहेत.

## १. निघण्याआधी: गर्दी कुठे असेल ते कागदावर

नकाशा समोर घ्या आणि गर्दीच्या जागांवर पेन्सिलने गोल करा. रिपोर्टिंग पॉइंट (जिथून पायलट आपली जागा कळवतात), रेडिओ नॅव्हिगेशनची स्टेशनं, डोंगरातल्या खिंडी, ग्लायडर आणि पॅराशूटची मैदानं, शिकाऊ विमानांचा प्रॅक्टिस एरिया, आणि नियंत्रित हवाई क्षेत्राची कडा. या कडेखालून सगळेच जण अंग चोरून, एकाच उंचीवरून जात असतात. नोटॅम (पायलटांसाठीच्या तात्पुरत्या सूचना) वाचताना फक्त रनवे बंद आहे का एवढंच बघू नका. पॅराशूटच्या उड्या, एअर शो, ड्रोन यांच्या सूचनाही त्यातच असतात.

मग उंची ठरवा. जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून केलेल्या) उड्डाणासाठी साधारण पद्धत अशी: चुंबकीय ट्रॅक (होकायंत्रानुसार तुमच्या मार्गाची दिशा) ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार अधिक ५००, म्हणजे ३,५००, ५,५००. ट्रॅक १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक ५००, म्हणजे ४,५००, ६,५००. तुमच्या देशातला नेमका नियम एआयपीत (देशाच्या अधिकृत हवाई माहितीपुस्तकात) बघून घ्या. ३,००० फुटांच्या खाली उडणार असाल तर निदान अगदी गोल आकडा टाळा. दोन हजार फुटांवर सगळं गाव असतं.

जीपीएस आल्यापासून एक नवीन भानगड झाली आहे. पूर्वी प्रत्येक जण थोडाफार भरकटायचा आणि त्या भरकटण्यातच अंतर राहायचं. आता दोन गावांमधल्या सरळ रेषेवर जाणारा आणि येणारा दोघेही रेषेच्या अगदी वरून उडतात. म्हणून रेषेच्या उजवीकडे एखादा मैल सरकून उडा. नदी, रेल्वे, महामार्ग, किनारा यांच्या बाजूने जाताना तर तो उजव्या हाताला न ठेवता डावीकडे ठेवा, म्हणजे समोरून येणारा पलीकडच्या बाजूने जाईल.

सूर्य कुठे असेल तेही बघा. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून फायनल (रनवेच्या रेषेत उतरण्याचा शेवटचा सरळ टप्पा) असेल तर तुमच्या पुढचं विमान तुम्हाला दिसणार नाही, हे घरीच कळू शकतं.

तपासा: वाटेतल्या फ्रिक्वेन्सी कागदावर क्रमाने लिहिल्या आहेत का? हवेत त्या शोधत बसलात की तेवढा वेळ बाहेर कोणी बघत नसतं.

## २. विमानापाशी: काच, खुर्ची, शेजारचा माणूस

काच पुसा. हे वाचून कंटाळा येतो, मला माहीत आहे. मलाही यायचा.

शिकवायला लागून थोडेच दिवस झाले होते. सर्किटकडे (उतरण्याआधी रनवेच्या बाजूने घ्यायच्या चौकोनी फेरीकडे) येत असताना काचेच्या डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसत होता. सकाळी काच पुसली नव्हती, म्हणून किडा चिकटला असेल असं धरून मी बोलत राहिलो. शेजारच्या स्टुडंटने मान थोडी पुढे काढली आणि म्हणाला, "सर, किड्याला चाकं आहेत."

तेव्हापासून काच मी स्वतः पुसतो. स्वच्छ मऊ कापड आणि काचेसाठी चालणारं द्रव वापरा, आणि हात वरून खाली चालवा. गोल गोल घासलं की ओरखडे सूर्यासमोर चमकतात. टॅबलेटचा स्टँड, फोन, चार्जरची वायर यांतलं काहीही समोरच्या काचेवर नको.

खुर्चीची उंची रोज तीच ठेवा. दोन इंच खाली बसलात तरी इंजिनच्या पुढचा बराच भाग झाकला जातो.

प्रवाशाला एक काम द्या. त्याला घड्याळाची पद्धत सांगा: नाक म्हणजे बारा, उजवा पंख तीन, डावा पंख नऊ. "विमान दिसलं की बोट दाखवून बोल. मला दिसलंच असेल असं समजू नकोस, मी बोलत असलो तरी मध्येच तोड." ही शेवटची अट महत्त्वाची आहे. लोक भिडेखातर गप्प बसतात.

## ३. टॅक्सी ते टेकऑफ

ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देऊन विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) स्टँडबायवर राहिला, ही चूक मी आठवड्याला एकदा तरी बघतो. तो उंची पाठवणाऱ्या मोडवर हवा. उंची न सांगणारा ट्रान्सपाँडर अर्धाच बोलतो. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस शहराच्या वर एक छोटं पायपर विमान आणि प्रवाशांचं डीसी-९ जेट एकमेकांवर आदळली, तेव्हा त्या पायपरचा ट्रान्सपाँडर उंची पाठवत नव्हता. मोठ्या विमानांची टक्करविरोधी यंत्रणाही तुमच्या ट्रान्सपाँडरवरच अवलंबून असते. तो बंद, तर तुम्ही तिच्यासाठी हवेत नाहीच.

अल्टिमीटरला (उंचीमापकाला) स्थानिक क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून दिलेला हवेचा दाब) लावा. दाबात एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण ३० फूट. जुन्या दाबावर १० हेक्टोपास्कलचा फरक राहिला तर "मी हजारावर आहे" असं तुम्ही रेडिओवर सांगाल आणि असाल ३०० फूट वर किंवा खाली.

लँडिंग लाइट आणि स्ट्रोब (लखलखणारे दिवे) लावूनच रनवेवर जा, आणि विमानतळाच्या १० मैलांच्या आत लँडिंग लाइट चालूच ठेवा. समोरून येणाऱ्याला पंखांच्या आधी तो लाइट दिसतो.

रनवेवर जाण्याआधी विमान असं तिरकं उभं करा की बेस (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) आणि फायनल दोन्ही दिसतील. मग दुसऱ्या टोकाची फायनलही बघा. वारा मंद असेल तर कोणीतरी उलट्या बाजूने येत असतोच.

सावध: रेडिओचा आवाज कमी राहिला असेल, किंवा फ्रिक्वेन्सीचा एक आकडा चुकला असेल, तर शांतता छान वाटते. दहा मिनिटं कोणीच बोललं नाही तर रेडिओ तपासा.

## ४. चढताना आणि उतरताना

चढताना नाकामागे नेमका तोच भाग झाकला जातो जिकडे आपण निघालो आहोत. सुरक्षित उंची आली की नाक थोडं खाली करून जास्त वेगाने चढा आणि दर काही शे फुटांना दोन्ही बाजूंना १०-१५ अंश हलकं वळा. उतरताना तेच, फक्त बघायचं खाली.

हाय-विंग (पंख केबिनच्या वर) आणि लो-विंग (पंख केबिनच्या खाली) यांचे आंधळे भाग वेगळे आहेत. हाय-विंगला वरचं दिसत नाही. शिवाय वळताना आतला पंख खाली येतो आणि ज्या बाजूला जायचं तीच बाजू झाकतो. म्हणून डावीकडे वळण्याआधी डावा पंख क्षणभर उचला, बघा, मग वळा. लो-विंगला खालचं दिसत नाही आणि वळताना बाहेरचा पंख वर येऊन बाहेरची बाजू झाकतो. आता फायनलवर वरून उतरणारं लो-विंग आणि त्याच्या खाली चाललेलं हाय-विंग अशी जोडी डोळ्यांसमोर आणा. दोघांनीही नियम पाळलेले असतात आणि दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नसतं.

## ५. सरळ उड्डाणात: डोळे कसे फिरवायचे

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. नजर क्षितिजावरून झाडू मारल्यासारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली की आपण बाहेर बघितलं असं वाटतं. फिरत्या डोळ्याला बारीक वस्तू दिसत नाही. तो थांबल्यावरच दिसते, तीही नजरेच्या अगदी मध्यावर, दोनेक अंशांच्या टप्प्यात.

पद्धत अशी. हात लांब करून मूठ धरा. ती साधारण १० अंश भरते. आकाशाचे असे मुठीएवढे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यावर नजर किमान एक सेकंद थांबवा, मग पुढचा तुकडा. नाकाच्या डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश, आणि क्षितिजाच्या वर-खाली १० अंश. अशी एक फेरी पूर्ण करा. मग ४-५ सेकंद आत, इन्स्ट्रुमेंट बघायला. पुन्हा बाहेर. आतलं काम त्याहून लांबायला लागलं तर ते तोडून दोन हप्त्यांत करा.

दोन गोष्टी या फेरीत मिसळा. निरभ्र किंवा धुरकट आकाशात डोळ्याला धरायला काही नसलं की त्याचा फोकस आपोआप जवळ, फार तर काही मीटरवर येऊन बसतो, आणि लांबचं विमान पुसट होतं. म्हणून अधूनमधून लांबच्या ढगाची कड किंवा क्षितिजावरची टेकडी बघून डोळे पुन्हा लांबवर लावा. दुसरं म्हणजे मान हलवा. दाराच्या खांबामागे एक अख्खं विमान सहज मावतं. ते तुमच्याच मार्गावर असेल तर तिथून बाहेर येणारही नाही.

का येणार नाही? टकरीच्या मार्गावरचं विमान काचेत हलत नाही. दोघेही सरळ, आपापल्या वेगाने चालले असतील आणि एकाच क्षणी एकाच जागी पोचणार असतील, तर शेवटपर्यंत ते काचेच्या त्याच बिंदूवर दिसतं. डोळा मात्र हालचालीकडे धावतो. म्हणजे जो सरकताना दिसतो, जो बहुधा तुम्हाला लागणार नसतो, तोच पटकन सापडतो. जो लागणार असतो तो गप्प बसून फक्त मोठा होत जातो. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, त्यामुळे बराच वेळ काहीच बदललं नाही असं वाटतं आणि अखेरच्या तीन-चार सेकंदांत तो एकदम काच भरून टाकतो.

तपासा: ठिपका दिसला की मान थोडी हलवा. काचेवरचा डाग बाहेरच्या देखाव्यावरून सरकतो, विमान सरकत नाही. विमान असेल तर ते क्षितिजाच्या वर दिसतं की खाली ते बघा. वर असेल तर तुमच्यापेक्षा उंच, खाली असेल तर खाली, आणि नेमकं क्षितिजावर असेल तर तुमच्याच उंचीवर.

शिकवणीच्या उड्डाणात दोघांचीही डोकी आत जातात. समजावून सांगायचं काही असेल तर आधी एक फेरी बाहेर बघा, मग दोन वाक्यं बोला. लांब व्याख्यान जमिनीवर द्या.

## ६. स्क्रीनवरचं ट्रॅफिक

एडीएस-बी (विमानं आपली जागा रेडिओने पाठवतात आणि ती स्क्रीनवर दिसते, ती यंत्रणा) असेल तर जरूर वापरा. कुठे बघायचं ते ठाऊक असताना एक सेकंद शोधणं हे ठाऊक नसताना आठ सेकंद शोधण्याइतकं कामाचं ठरतं, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. वरच्या हिशेबातले पाच सेकंद कमी करणारं याहून चांगलं साधन नाही.

पण स्क्रीन रिकामी म्हणजे आकाश रिकामं नव्हे. ग्लायडर, जुनी विमानं, बलून, ट्रान्सपाँडर बंद ठेवलेला एखादा विसराळू, यांतलं कोणीही तिच्यावर नसू शकतं. स्क्रीनने दिशा सांगितली की मान वर करून त्या दिशेला बघायचं. ठिपका कुठे सरकतोय हे स्क्रीनवरच बघत बसलेला पायलट बाहेर न बघणाऱ्याहूनही वाईट, कारण आपण सावध आहोत अशी त्याची खात्री असते.

कंट्रोलरने "दोन वाजता, तीन मैल" सांगितलं तर ते तुमच्या ट्रॅकवरून सांगितलेलं असतं, नाकावरून नव्हे. डावीकडून जोराचा वारा असेल आणि तुम्ही नाक १५ अंश डावीकडे धरून चालला असाल, तर त्याचे दोन म्हणजे तुमचे अडीच. दिसलं नाही तर "दिसत नाही" असं स्पष्ट सांगा. "बघतोय" म्हणून वेळ मारून नेऊ नका.

## ७. सर्किट: इथेच सगळे भेटतात

कंट्रोल टॉवर नसलेल्या विमानतळाच्या १० मैल आधीपासून फ्रिक्वेन्सीवर कान ठेवा. आधी ऐका, मग बोला. कॉलमध्ये विमानतळाचं नाव, विमानाचा प्रकार, कुठे आहात, किती उंचीवर, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. प्रकाराबरोबर रंग सांगितला तर शोधणाऱ्याला मदत होते. जागा सर्वांना कळेल अशी सांगा: "उत्तरेला पाच मैल" हे नवख्यालाही कळतं. "जुन्या गिरणीवर" हे फक्त स्थानिकांना कळतं आणि इन्स्ट्रुमेंट ॲप्रोचच्या फिक्सचं (इन्स्ट्रुमेंटवर उतरतानाच्या मार्गातल्या ठरलेल्या बिंदूचं) नाव शिकाऊ पायलटला कळत नाही.

"एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइज" हा कॉल बंद करा. त्यावर एक तर पाच जण एकदम बोलतात किंवा कोणीच बोलत नाही. दोन्ही वेळा हाती काही लागत नाही आणि फ्रिक्वेन्सी अडून राहते.

सर्किटमध्ये क्रम असा ठेवा:

१. सर्किटची उंची आधीच पकडा, सर्किटमध्ये शिरून उतरू नका. खाली कोण आहे ते दिसत नाही.

२. वेग आधीच कमी करा. पुढच्याच्या वेगाशी जुळत नसाल तर बाहेर राहा.

३. डाउनविंडवर (रनवेला समांतर, उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्यावर) पुढचं विमान प्रत्यक्ष दिसल्याशिवाय बेसला वळू नका. रेडिओवर त्याने फायनल सांगितली म्हणजे तो फायनलवर आहे असं धरायचं नाही, तो बघायचा.

४. बेसला वळण्याआधी फायनलची रेषा लांबपर्यंत बघा, वरपासून खालपर्यंत. सरळ फायनलवर येणारा तिथेच असतो.

५. फायनलला वळताना रनवेची रेषा ओलांडू नका.

या क्रमातल्या चौथ्या पायरीवर थोडं थांबू. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला सर्किट उडवणारी छोटी सेसना १५२ आणि सरळ फायनलवर नेहमीपेक्षा खूपच जास्त वेगाने येणारी दुहेरी इंजिनची सेसना ३४० एकमेकांवर आदळल्या. तिघांचा जीव गेला. टॉवर नव्हता, पण दोघेही एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. आवाज ऐकू आला म्हणजे जागा कळली, वेग कळला असं होत नाही. मागचा "तीन मैल फायनल" म्हणतोय आणि तो दुहेरी इंजिनचा असेल तर तो तुमच्या अंदाजाआधी पोचणार. शंका आली की डाउनविंड लांबवा आणि तसं सांगा.

टॉवर आहे म्हणून निश्चिंत राहायचं असं वाटत असेल तर पाचवी पायरी. मे २०२१ मध्ये डेन्व्हरजवळच्या सेंटेनियलला एक छोटं सिरस विमान फायनलला वळताना आपली रेषा ओलांडून समांतर रनवेच्या फायनलवर गेलं आणि तिथल्या दुहेरी इंजिनच्या मेट्रोलायनर विमानाला धडकलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. सिरस विमानाच्याच पॅराशूटने खाली आलं आणि मेट्रोलायनर फाटलेल्या धडासह उतरलं. समांतर रनवे असतील तर बेसवर वेग नीट आटोक्यात ठेवा आणि वळण थोडं लवकर सुरू करा. रेषा चुकलीच तर तिच्यावर परत यायची धडपड करण्यापेक्षा लगेच सांगून गो-अराउंड घ्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा.

गो-अराउंड करताना रनवेच्या नेमकं वरून चढू नका. खाली टेकऑफ करणारा तुमच्या पोटाखाली जाईल. सर्किटच्या विरुद्ध बाजूला थोडं सरका, म्हणजे तो तुमच्या खिडकीत राहील. शेजारी समांतर रनवे असेल तर मात्र टॉवर सांगेल तेच.

सावध: सर्किटमध्ये अंतर वाढवायला न सांगता पूर्ण गोल चक्कर मारू नका. तुमच्या मागच्याच्या नाकासमोर याल.

## ८. दिसलं. आता काय?

हे जमिनीवर पाठ करून ठेवा, म्हणजे ठरवण्याचे चार सेकंद एकावर येतील.

समोरून येतोय: दोघांनीही उजवीकडे. तिरका, उजवीकडून: वाट त्याची. तुम्ही उजवीकडे, त्याच्या शेपटाच्या मागून जाल असं वळा. तिरका, डावीकडून: वाट तुमची, पण तो काचेत हलत नसेल आणि वळतही नसेल तर त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही. हक्क सांगत बसू नका, तुम्हीही उजवीकडेच वळा, कारण त्याने ऐनवेळी पाहिलं तर तोही त्याच्या उजवीकडे वळेल. मागून गाठताय: त्याच्या उजवीकडून, लांबून. ग्लायडर आणि बलून यांना नेहमी वाट द्या.

फार जवळ असेल तर वळण्याबरोबर उंचीही बदला. क्षितिजाच्या वर दिसतोय तर खाली जा, खाली दिसतोय तर वर. शक्य तोवर तो पंखामागे जाणार नाही अशा बाजूला कला. आणि सर्किटमध्ये असाल तर एअरस्पीड विसरू नका: उंची टिकवत ६० अंशांच्या बँकवर (विमान तेवढं कलंडलेलं असताना) स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. बेसवर फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) लावलेल्या, मंद चाललेल्या विमानात दचकून कांडी ओढली तर टक्कर चुकते आणि जमीन लागते.

तो गेला की दुसरा शोधा. पहिल्याकडे बघत राहिल्यामुळे त्याच्या मागचा सुटतो. मग विमान सरळ करा, श्वास घ्या, फ्रिक्वेन्सीवर त्याची जागा आणि दिशा सांगा. शिव्या उतरल्यावर. जमिनीवर आल्यावर वेळ, जागा, उंची, दोघांची दिशा आणि अंदाजे अंतर त्याच दिवशी लिहून काढा, कारण दुसऱ्या दिवशी ते अंतर आठवणीत वाढलेलं किंवा घटलेलं असतं, आणि मग तोच कागद बघून घटनेचा रिपोर्ट भरा.